बंद केंद्राचा ग्रँडमास्टर डाव अभ्यासताना: इंजिन सुरू करण्याआधीचं काम

किंग्ज इंडियन या काळ्याच्या सुरुवातीचा एखादा गाजलेला डाव अभ्यासून आणा असं सांगितलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. डाव संगणकावर उघडतात, इंजिन, म्हणजे स्थितीला आकडा देणारा प्रोग्राम, लावतात आणि ज्या चालीला आकडा उडी मारतो तिथे लाल खूण करतात. मग विचारलं की पांढरा का हरला, तर उत्तर येतं, "सव्विसाव्या चालीला चुकला." सव्विसाव्या चालीला तो चुकला हे खरंच आहे. पण त्याआधी सात-आठ चाली त्याच्या राजाभोवती काय चाललं होतं, ते त्या लाल खुणेत नसतं.

उघड्या केंद्राच्या डावात ही पद्धत निदान अर्धी तरी चालते, कारण तिथे मोहरी लगेच एकमेकांना भिडतात. मधली प्यादी एकमेकांसमोर अडकून केंद्र बंद असलं की दोन्ही बाजू पटाच्या दोन टोकांना आपापलं काम करत असतात आणि पहिली मारामारी दहा-बारा चालींनंतर होते. तिथे कामाचा क्रम उलटा लागतो: आधी प्यादी, मग चालींचा हिशेब, मग झाकून अंदाज, मग वळणाच्या जागा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हा क्रम एकाच डावावर पूर्ण करून दाखवतो. डाव आहे जेरोन पिकेट विरुद्ध गॅरी कास्पारोव्ह, टिलबर्ग (नेदरलँड्स), १९८९. पिकेट पांढरा, कास्पारोव्ह काळा.

## तयारी

खराखुरा पट आणि सोंगट्या घ्या. पडद्यावर चाली सरसर पुढे जातात, बोट थांबत नाही आणि डोळा प्याद्यांकडे जातच नाही. हाताने प्यादं सरकवलं की ते कुठे अडकलं ते कळतं. दुसरा छोटा पट मिळाला तर उत्तम. एकावर मूळ डाव ठेवायचा, दुसऱ्यावर फाटे, म्हणजे प्रत्यक्षात न खेळलेल्या चाली, तपासायचे. फाट्यात शिरून मूळ स्थिती विसरणं हा रोजचा घोळ आहे.

एक वही, एक पेन्सिल आणि चाली झाकायला एक कोरा कागद. वेळ एका बैठकीत काढू नका. तीन बैठका ठेवा, प्रत्येकी किमान तासाभराची. इंजिन फक्त तिसऱ्या बैठकीत.

लिहिण्यासाठी मी पुढची खूण वापरतो: रा, व, ह, उं, घो म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. अक्षर नसेल तर प्याद्याची चाल. घराच्या नावातलं अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच यांपैकी उभी पट्टी, आकडा म्हणजे त्याच्याकडून मोजलेली आडवी ओळ. आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट.

पहिल्या बारा चाली:

१. डी४ घो-एफ६ २. घो-एफ३ जी६ ३. सी४ उं-जी७ ४. घो-सी३ ०-० ५. ई४ डी६ ६. उं-ई२ ई५ ७. ०-० घो-सी६ ८. डी५ घो-ई७ ९. घो-ई१ घो-डी७ १०. उं-ई३ एफ५ ११. एफ३ एफ४ १२. उं-एफ२ जी५

पुढच्या सहा:

१३. बी४ घो-एफ६ १४. सी५ घो-जी६ १५. सी×डी६ सी×डी६ १६. ह-सी१ ह-एफ७ १७. ए४ उं-एफ८ १८. ए५ उं-डी७

आणि शेवटपर्यंत. या ओळी आत्ता वाचू नका, कागदाने झाका:

१९. घो-बी५ जी४ २०. घो-सी७ जी३ २१. घो×ए८ घो-एच५ २२. रा-एच१ जी×एफ२ २३. ह×एफ२ घो-जी३+ २४. रा-जी१ व×ए८ २५. उं-सी४ ए६ २६. व-डी३ व-ए७ २७. बी५ ए×बी५ २८. उं×बी५ घो-एच१, पांढऱ्याने डाव सोडला.

तपासा: अठराव्या चालीनंतर पटावरून फक्त दोन प्यादी गेलेली असली पाहिजेत, प्रत्येकी एक. सगळे उंट, घोडे, हत्ती, वजीर अजून पटावर. पांढऱ्याची प्यादी ए५, बी४, डी५, ई४, एफ३, जी२, एच२. काळ्याची ए७, बी७, डी६, ई५, एफ४, जी५, एच७. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. चुकीच्या पटावर तासभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो.

## टप्पा १: फक्त प्याद्यांचा नकाशा

बारावी चाल झाल्यावर थांबा. आता दोन्ही राजे सोडून बाकी सगळी मोहरी पटावरून काढून ठेवा. फक्त प्यादी आणि राजे. हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि नेमका हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे.

दिसतं असं: पांढऱ्याची साखळी जी२, एफ३, ई४, डी५ अशी चढत वजिराच्या बाजूला बोट दाखवते. काळ्याची सी७, डी६, ई५, एफ४ अशी राजाच्या बाजूला. साखळी ज्या बाजूला बोट दाखवते त्या बाजूला खेळायचं, ही ढोबळ खूण. समोरच्याच्या साखळीवर घाव घालायचा तो शक्यतो मुळाच्या जवळ. म्हणून वहीत दोनच प्रश्न लिहा.

पांढरा कुठे फोडणार? सी५ वर. सी४चं प्यादं पुढे सरकून डी६ला भिडेल, सी पट्टी उघडेल, हत्ती सी१ वर येईल. आत शिरायचं दार सी७.

काळा कुठे फोडणार? जी४ वर. एफ३च्या प्याद्याला भिडायचं, ते हललं की ई४ मोकळं, नाही हललं की जी३ पर्यंत घुसायचं.

आता मोहरी परत ठेवा आणि प्रत्येकाजवळ प्रश्न विचारा: या नकाशात याचं काम काय? काळ्याचा जी७ वरचा उंट बघा. लहान मुलांना तो फार आवडतो, लांब कर्णावर बसलाय म्हणून. पण ई५ वर आपलंच प्यादं आहे, त्यामुळे तो भिंतीकडे तोंड करून बसलाय. सतराव्या चालीला तो एफ८ वर मागे जातो आणि डी६ राखतो. ती माघार वाटते, पण नकाशा पाहिला असेल तर लगेच पटते. उलट काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट: त्याच्या वाटेत आपली प्यादी नाहीत. डी७चा घोडा हलला की त्याची नजर थेट जी४ आणि एच३ वर. किंग्ज इंडियनमध्ये हा उंट हल्ल्याचा कणा असतो, तो फुकाफुकी बदलला की हल्ला निम्मा होतो.

सावधान: फ्रेंच डिफेन्स या काळ्याच्या दुसऱ्या सुरुवातीच्या पुढे सरकलेल्या रचनेत पांढऱ्याची साखळी डी४, ई५ अशी राजाच्या बाजूला बोट दाखवते. म्हणजे तिथे भूमिका उलट. "काळा राजाच्या बाजूला हल्ला करतो" असं पाठ करून ठेवू नका. दर डावात प्यादी पुन्हा वाचा.

## टप्पा २: चालींचा हिशेब

बुद्धिबळात एका चालीच्या वेळेला टेम्पो म्हणतात. भाजी मंडईतला नव्हे, पण तोही उशिरा पोचला तर माल सडतो, तसंच. बंद केंद्रात दोघांच्या शर्यती वेगवेगळ्या रस्त्यांवर असतात, म्हणून कोण किती पुढे आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

तेरा ते अठरा या सहा चालींसाठी वहीत दोन रकाने करा. पांढऱ्याच्या रकान्यात: बी४, सी५, सी×डी६, ह-सी१, ए४, ए५. सहाच्या सहा वजिराच्या बाजूला. काळ्याच्या रकान्यात: घो-एफ६, घो-जी६, सी×डी६, ह-एफ७, उं-एफ८, उं-डी७. आणि इथे थांबून बघा, काळ्याने या सहा चालींत राजाच्या बाजूचं एकही प्यादं हलवलेलं नाही. ज्याला आपण "हल्ला करणारा" म्हणतो तो सहा चाली मोहरी लावत बसलाय.

आता प्रत्येक काळ्या चालीपुढे एक अक्षर लिहा: ब म्हणजे बचाव, ह म्हणजे हल्ला, दोन्ही असतील तर बह. घो-एफ६ ई४ वर नजर ठेवतो आणि जी४ला पाठबळ देतो. ह. ह-एफ७ सातव्या ओळीवरून सी७ राखतो आणि पुढे जी७ वर येऊ शकतो. बह. उं-एफ८ डी६ राखतो आणि हत्तीसाठी जी७ मोकळं करतो. बह. उं-डी७ बी५ला आवर घालतो, शिवाय त्याची नजर एच३ वर आहेच. पण हाच उंट हत्तीची सी७कडची वाट अडवतो. म्हणजे या चालीत काहीतरी सोडलंयसुद्धा. सोडलेलं जे आहे तेही लिहा. फक्त "चांगली चाल" लिहून पुढे गेलात तर एकोणिसाव्या चालीला घोडा बी५ वर का येतो हे कळणार नाही.

पांढऱ्याच्या रकान्यात मला खटकतात त्या ए४ आणि ए५. काळ्याचं बी६ अडवलं, जागा घेतली, सगळं ठीक. पण या दोन चालींनी काळ्याच्या एकाही मोहऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडलं नाही. आणि ई१ वरचा घोडा? नवव्या चालीला तिथे गेला तो डाव संपेपर्यंत तिथेच. माझं मत असं की पांढऱ्याचा हिशेब इथे बिघडला. हे मत तसंच उतरवून घेऊ नका. सतराव्या चालीला ए४ ऐवजी घो-डी३ ठेवा आणि स्वतः दहा मिनिटं लढवून पाहा.

## टप्पा ३: झाकून खेळा

काळ्याची बाजू घ्या. बारावीनंतर एकेक पांढरी चाल उघडा, काळ्याची चाल स्वतः ठरवा, वहीत लिहा, मग कागद सरकवा. तीन रकाने पुरतात: माझी चाल, पटावरची चाल, मला काय दिसलं नव्हतं. गुण देऊ नका. गुण दिले की माणूस अंदाज मारतो, विचार करत नाही.

चाल लिहिताना तिच्यामागचं कारण अर्ध्या ओळीत लिहा. कारण न लिहिता बरोबर आलेली चाल धरू नका. उं-एफ८ हे योगायोगानेही सुचू शकतं.

सोळा ते अठरा या चालींवर प्रत्येकी तीन मिनिटं पुरेत. एकोणिसाव्यापासून प्रत्येक चालीला दहा मिनिटं द्या. बहुतेकांचं उलटं होतं: सुरुवातीला उत्साहात वेळ जातो आणि खरी मारामारी आली की कागद भराभर सरकतो.

तपासा: एकोणिसाव्या चालीला तुम्ही एच५ लिहिलं का? लिहिलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, आधी एच५ आणि मग जी४ हीच रूढ रीत. पण या डावात काळ्याचं एच७चं प्यादं शेवटपर्यंत हलत नाही. ते का हललं नाही, याचं उत्तर पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ४: वळणाच्या जागा

एका डावात चार-पाचपेक्षा जास्त वळणं शोधू नका. दर चालीला उद्गारचिन्ह लावणारा विद्यार्थी काहीच निवडत नसतो. या डावात माझ्या वहीत चार आहेत.

पहिलं वळण: १९. घो-बी५ जी४

घोडा बी५ वर आला. पुढे सी७ आहे, तिथून ए८चा हत्ती. ए७चं प्यादंही घोड्याच्या माऱ्यात. सगळ्यांची नजर घोडा कुठे गेला तिकडे जाते. तुम्ही तो कुठून गेला ते बघा. सी३ वरून तो ई४चं प्यादं राखत होता. ई४चे राखणदार दोन: सी३चा घोडा आणि एफ३चं प्यादं. एक निघून गेला. आता जी४ आलं आणि पांढऱ्याने एफ×जी४ केलं तर दुसराही गेला, आणि घो×ई४ ने काळ्याचा घोडा केंद्रात बसतो. म्हणून एच५च्या तयारीशिवाय जी४ चाललं. एका चालीची बचत झाली ती पांढऱ्याच्या घोड्याने करून दिली.

कुठल्याही बंद डावात ही सवय लावा: मोहरं हललं की आधी विचारा, याने मागे काय उघडं टाकलं?

दुसरं वळण: २०. घो-सी७ जी३, २१. घो×ए८ घो-एच५

जी३ नंतर पांढऱ्याच्या एफ२ वरच्या उंटाची घरं बोटाने मोजा. ई१ वर आपलाच घोडा. जी१ वर राजा. ई३ वर गेला तर एफ४चं प्यादं मारतं, डी४ वर ई५चं, सी५ वर डी६चं, बी६ वर ए७चं. सुटायचं घर एकच, ए७, तेही प्यादं मारून. उंट जवळजवळ पुरला गेलाय.

पांढऱ्याने हत्ती मारला. म्हणजे वजिराच्या बाजूची सगळी योजना यशस्वी झाली: सी पट्टी उघडली, सी७ वर शिरकाव झाला, हत्ती हातात आला. योजनेत जे जे लिहिलं होतं ते मिळालं. आणि घोडा पटाच्या कोपऱ्यात, राजापासून जितकं लांब जाता येईल तितका. मोहऱ्यांची मोजणी करून "पांढरा एक हत्तीने पुढे" लिहिणाऱ्याने त्याच ओळीत लिहावं की राजाजवळ कोणाची किती मोहरी आहेत.

काळ्याने घोडा लगेच मारला नाही, घो-एच५ खेळला. का, ते फाटा चालवून बघा. २२. उं×ए७ ने उंट सुटला तर २२... व-एच४. आता एच२ वर मात येते, कारण जी३चं प्यादं वजिराला पाठीशी आहे आणि एफ२ घरही तेच रोखतं. २३. एच३ तर २३... उं×एच३. २४. जी×एच३ व×एच३, पुन्हा एच२ वर मातेची धमकी. राजाला श्वास घ्यायला पांढऱ्याने २५. ह-एफ२ खेळावं लागतं. इथून पुढे तुम्ही चालवा, किमान चार चाली, दुसऱ्या पटावर. डी७च्या उंटाला "हल्ल्याचा कणा" का म्हटलं होतं ते इथे दिसतं.

प्रत्यक्षात २२. रा-एच१ आली. दिसायला घाबरट चाल, पण हेतू स्वच्छ आहे: उंटाला जी१ घर मोकळं करून द्यायचं, तिथून तो एच२ राखेल. काळ्याने ती संधी दिली नाही, उंट लगेच मारला.

सावधान: हरलेल्या खेळाडूच्या चालीला "घाबरून खेळला" असं कारण लिहू नका. प्रत्येक चालीमागे काहीतरी हेतू शोधा. सापडला नाही तर तुम्ही अजून शोधलेला नाही.

तिसरं वळण: २३. ह×एफ२ घो-जी३+

इथे मुद्दा क्रमाचा आहे. ए८ वर पांढऱ्याचा घोडा तसाच पडलाय. साधा माणूस २३... व×ए८ खेळेल. फरक काय?

वजीर डी८ वर असताना घो-जी३+ आली आणि २४. एच×जी३ केलं, तर २४... एफ×जी३. आता एफ२चा हत्ती माऱ्यात. तो हलून समजा एफ१ वर गेला, तर व-एच४+, रा-जी१, व-एच२ मात. हत्ती सोडून राजाच जी१ वर आला तर हत्ती गेला. या सगळ्याचा पाया एकच: वजिराची डी८ ते एच४ ही वाट मोकळी आहे. आधी ए८चा घोडा मारला असता तर वजीर पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला असता आणि एच×जी३ खुशाल चाललं असतं. म्हणून आधी शह, पांढऱ्याला रा-जी१ करायला लावणं, आणि मग २४... व×ए८. घोडा कुठेही पळत नव्हता.

आता मोजा. काळ्याने एक हत्ती आणि एक प्यादं दिलं, बदल्यात उंट आणि घोडा घेतला. पांढरी सात प्यादी, काळी सहा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, इंजिनच्या वेळी लागेल.

चौथं वळण: २५. उं-सी४ ए६ २६. व-डी३ व-ए७

या डावातली माझी सगळ्यात आवडती चाल ए६ आहे, आणि विद्यार्थ्यांच्या वहीत तिच्यापुढे हमखास रिकामी जागा असते. फार तर "बी५ अडवलं" एवढं. ते काम ती करतेच. पण तिने ए७ घर रिकामं केलं. वजीर ए८ वर कोपऱ्यात पडलाय, त्याला यायला एक दार हवं होतं. व-ए७ झाली आणि ए७, बी६, सी५, डी४, ई३, एफ२, जी१ हा पूर्ण कर्ण बघा: वजिरापासून एफ२च्या हत्तीपर्यंत मध्ये एकही मोहरं नाही. सी५ मोकळं कोणी केलं? पंधराव्या चालीला पांढऱ्यानेच, सी×डी६ करून. त्याच्या हल्ल्याने उघडलेली वाट त्याच्याच राजावर येऊन थांबली.

एफ२चा हत्ती आता राजासमोर खिळलाय, कर्ण सोडला तर राजाला शह. २७. बी५ ए×बी५ २८. उं×बी५ आणि घो-एच१! घोडा जी३ वरून एच१ वर, पटाच्या कोपऱ्यात. एफ२ वर वजीर आणि घोडा असा दुहेरी मारा, राखायला फक्त राजा.

राजाने घोडा मारला तर २९... व×एफ२, मग ३०. उं×डी७ ह×डी७, आणि काळ्याकडे एक मोहरं जास्त, बदल्यात पांढऱ्याकडे एक प्यादं. वजिराने एफ२ राखायला २९. व-ई२ केलं तर २९... घो×एफ२ ३०. व×एफ२ व×एफ२+ ३१. रा×एफ२ उं×बी५, आणखी वाईट. म्हणून पिकेटने डाव सोडला.

तपासा: शेवटची स्थिती पटावर लावा आणि मोठ्याने सांगा: पांढऱ्याने कुठल्या तीन चाली तपासून डाव सोडला असेल? वर दोन दिल्या आहेत. तिसरी तुम्ही शोधा.

## टप्पा ५: हरणाऱ्याची खुर्ची

आता पट फिरवा आणि पांढऱ्याच्या बाजूने बसा. सुरुवात शेवटाकडून करा आणि मागे मागे या. चुकीची जागा अशीच सापडते. पुढून मागे येताना प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: इथे वाचता आलं असतं का?

सत्ताविसावी चाल. बी५ ऐवजी ह-सी२ ठेवून बघा. सी४चा उंट ई२ सोडून गेलाय, डी२ही रिकामं, म्हणजे सी२चा हत्ती दुसऱ्या ओळीवरून एफ२ राखतो. घो-एच१चा तो ठोका आता लागत नाही: राजा घोडा मारतो, वजीर एफ२ मारतो, हत्ती वजीर मारतो. म्हणजे हा विशिष्ट डावपेच टळतो. स्थिती सुधारली का? तो वेगळा प्रश्न. इथे नवशिके दोन्ही गोष्टी एक करतात. वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहा.

सव्विसावी. व-डी३ ऐवजी काय? पंचविसावी? एकविसाव्या चालीला हत्ती न मारता एच×जी३ केलं तर एफ×जी३, उं×जी३, घो-एच५ आणि उंटाने पुन्हा पळायचं. प्यादं मिळालं, पण एच पट्टीवर पांढऱ्याच्या राजासमोरचं छत उडालं. हे चांगलं की हत्ती घेणं चांगलं? इथे तुमचं मत लिहा, निदान दोन ओळी. "दोन्ही कठीण" हे मत नव्हे.

अशी एकेक पायरी मागे जात सतराव्या चालीपर्यंत या. माझा शोध तिथे थांबतो, तुमचा कदाचित एकोणिसाव्याला थांबेल.

## टप्पा ६: आता इंजिन

तिसरी बैठक. तीन नियम.

एक, इंजिनला डाव दाखवू नका, तुमचे फाटे दाखवा. वहीत लिहिलेली प्रत्येक ओळ हाताने खेळा आणि ती कुठे मोडते ते बघा. स्टॉकफिश या इंजिनने तुमचा फाटा तिसऱ्या चालीला मोडला तर तो मोडणारी चाल लिहा आणि तुम्हाला ती का दिसली नाही, तेही.

दोन, सुरुवातीच्या बंद स्थितीतला आकडा निकाल मानू नका. केंद्र बंद असताना पांढऱ्याकडे जागा जास्त असते आणि इंजिन त्या जागेला मोल देतं. काळ्याचा हल्ला पंधरा-वीस अर्ध्या चालींनंतर (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) पोचणार असेल तर तो सुरुवातीला आकड्यात येतच नाही. म्हणून बाराव्या आणि अठराव्या चालीच्या स्थितीवर दोन सेकंद न थांबता काही मिनिटं थांबा, आणि आकडा कुठून कुठे सरकला ते टिपा. सरकण्यातून तुम्हाला स्थितीबद्दल जास्त कळतं.

तीन, एकच सर्वोत्तम चाल न बघता वरच्या तीन चाली उघडा. तिन्हींचे आकडे जवळजवळ असतील तर तिथे मानवी निवड होती, चूक नव्हे. पहिली आणि दुसरीत मोठी दरी असेल तर ती एकमेव चाल होती, आणि तीच चाल तुमच्या वहीत होती का ते बघा. धोका दाखवण्याची सोय असेल तर तीही वापरा. समोरच्याने एक चाल सोडून दिली तर काय येतंय ते कळतं, आणि बंद स्थितीत शांत चालीचा हेतू पकडायला याहून सोपा उपाय नाही. ए६ वर वापरून बघा.

सावधान: इंजिनने कास्पारोव्हची चाल नाकारली म्हणून ती लगेच चूक ठरवू नका, आणि पिकेटला बचाव होता म्हणून "सोपं होतं" असंही लिहू नका. समोर घड्याळ चालू असताना जी३ दिसलं की उंट ए७ वर न्यायचा, हत्ती मारायचा की छत उघडायचं, हे त्याला तिथे बसून ठरवायचं होतं. इंजिनच्या आकड्याशेजारी वहीतला तुमचा मजकूर ठेवा. मोजणी आठवते ना, हत्ती आणि प्यादं विरुद्ध उंट आणि घोडा? चोविसाव्या चालीनंतर तुम्ही ते कसं तोललं होतं आणि इंजिन कसं तोलतं, ते ताडून पाहा.

## टप्पा ७: पटावर परत

विश्लेषण वहीत राहिलं तर महिन्याभरात पुसलं जातं. बाराव्या चालीनंतरची स्थिती लावा आणि आपल्या ताकदीच्या जोडीदाराशी पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव खेळा, एकदा पांढरा, एकदा काळा. जोडीदाराने हा डाव पाहिलेला नसेल तर अधिक चांगलं. पांढऱ्याने खेळताना ई१चा घोडा पहिल्या सहा चालींत हलवायचा, अशी अट स्वतःवर घाला. काळ्याने खेळताना पांढऱ्या घरांवरचा उंट बदलायचा नाही.

मग दोन्ही डाव याच वहीत, याच क्रमाने तपासा. पहिली बैठक पुन्हा प्याद्यांची, आणि राजे सोडून बाकी सगळी मोहरी पुन्हा पटाबाहेर.